कालचा ग्राफ

६ जाने., मंगळवार

अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्राफ आला. समोरच्या आहेर काकूंचा पहाटे पाच ते साडेपाचचा खांब आहे. म्हणजे काल उठल्या, गिझर लावला, ठीक आहेत.

"काल" हा शब्द मुद्दाम लिहिते. नवीन मीटरचं ॲप आजचं काही दाखवत नाही. अर्ध्या अर्ध्या तासाचे खांब, पण सगळे आदल्या दिवसाचे. आज काकू कशा आहेत ते मला उद्या कळणार.

दार वाजवायचं नाही हे त्यांनी आधीच बजावलंय. "रोज सकाळी कोणी मी मेले का बघायला आलं तर मी त्याच दिवशी मरेन." पण पाठीमागच्या बिल्डिंगमधले एकटे राहणारे आजोबा पावसाळ्यात गेले ते दोन दिवसांनी कळलं, तेव्हापासून त्याही आतून घाबरल्यात. मग दिवाळीत नवे मीटर बसले आणि हा मार्ग त्यांनीच काढला. त्यांचा फोन बटणांचा, ओटीपी माझ्या नंबरवर, म्हणून दोन्ही घरं माझ्या ॲपमध्ये. आमचं मी उघडत नाही. बघण्यासारखं काय आहे त्यात, बाबा आणि मी.

८ जाने., गुरुवार

खांब सरकला. पाचला काही नाही. साडेपाच ते सहा आहे.

क्लासच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होते. एका मुलीच्या जन्मतारखेच्या जागी माझीच टाकली. खोडलं, तिच्या वडिलांची माफी मागितली. त्यांना मी चुकले होते हेच कळलं नव्हतं.

घरी येताना काकूंच्या दाराखालून उजेड. पा. एवढंच.

९ जाने., शुक्रवार

पुन्हा साडेपाच.

मंगळवारी दुपारी वीज गेली होती, बरोबर अर्धा तास. बुधवारपासून काकू अर्धा तास उशिरा उठतात. वा.: वीज जेवढा वेळ नव्हती तेवढ्याच त्या मागे राहिल्या.

वेडगळ वाक्य आहे. पण खोडत नाही, कारण ते वा.मध्ये आहे. मला लहानपणी दमा होता, चौथीपर्यंत शाळा घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शिकवायला आई. रोज अर्धं पान लिहायचं. पा. म्हणजे पाहिलं, वा. म्हणजे वाटलं. "दोन्ही एका वाक्यात घातलंस की तिथून खोटं सुरू होतं," म्हणायची. आई जाऊन दोन वर्षं झाली. वही चालू आहे.

११ जाने., रविवार

काकूंनी चहाला बोलावलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हल्ली थंडीत उठायला उशीर होतो का.

"पाच म्हणजे पाच. पस्तीस वर्षं स्टाफ नर्स होते गं मी. वॉर्डातली माणसं माझ्यावर घड्याळ लावायची."

ग्राफ वेगळं सांगतो हे बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायचं, तेही चहा पिता पिता. पण न बोलणं हेही बरोबर वाटलं नाही. दोन्ही बाजूंनी टोचत राहिलं.

उद्या सातच्या बसनं वणीला जाणार, बहिणीकडे, शुक्रवारपर्यंत. मेन स्विच बंद करून किल्ली आमच्याकडे.

"आता चार दिवस नको बघू. तुलाही सुट्टी."

१४ जाने., बुधवार

बघायचा नव्हता. सवयीनं बोट गेलं.

कालचा, मंगळवारचा ग्राफ. साडेपाच ते सहा. खांब आहे.

जेवणाच्या सुट्टीत वणीला फोन लावला. काकूंच्या बहिणीनं उचलला. "हाय ना, ही काय, तिळाचे लाडू वळत बसलीय. देऊ का?" नको म्हटलं. मागून काकूंचा आवाज: "कोण गं? पाक झाला का ते बघ आधी." म्हणजे वणीतच आहेत. हे पा.मध्ये धरायचं की ऐ. असा तिसरा रकाना करायचा?

संध्याकाळी घरी आल्या आल्या किल्ली घेऊन गेले. दार उघडताना उगाच "काकू" म्हटलं. मेन स्विच खाली. फ्रिज रिकामा, दाराला फडकं अडकवून उघडा ठेवलेला. बाथरूम कोरडं, बादली उपडी. गिझरला हात लावला. गार. त्यावर धुळीचा थर, माझ्या बोटांचे ठसे उमटले. रोज वापरातल्या वस्तूवर एवढी धूळ असते का, ते कळेना. पुसावं की नाही, हेही कळेना. नाही पुसली.

१५ जाने., गुरुवार

बुधवारचाही खांब आहे. मेन बंद असताना.

बाबांना सांगितलं. बाबा सातपूरला फिटर आहेत, त्यांना असली गोष्ट सांगताना आधी मीच ओशाळते. ते हसले नाहीत. म्हणाले, "वीज हवेतून येत नाही. कुठल्या तरी घरात जळतेय म्हणून ती दिसते." मग खाली मीटरच्या पेटीपाशी गेले आणि फोनवर मला म्हणाले, आपला मेन बंद कर.

केला.

"सहा नंबरचा दिवा थांबला."

"आपला पाच आहे बाबा."

"कळतंय मला. पाचचा आधीपासून थांबलेलाच आहे. परत चालू कर. ... हं. सहाच लुकलुकतोय."

मीटर बसवणाऱ्यांनी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आमच्या मीटरवर काकूंचा सहा, काकूंच्या मीटरवर आमचा पाच. दिवाळीपासून मी रोज अकरा वाजता काकूंच्या नावाखाली आमचंच घर बघत होते.

हुश्श वाटलं. फक्त जिना चढून वर येईपर्यंत.

"बाबा, सकाळी गिझर कोण लावतं?"

"तू."

"मी तर साडेसहाला उठते. मला वाटायचं तुम्ही लावता."

"मी सहाला उठतो तेव्हा पाणी तापलेलंच असतं. मी म्हटलं, पोरगी लावून परत झोपते."

दोघं स्वयंपाकघरात उभे.

१६ जाने., शुक्रवार

सापडलं. बाथरूमच्या दारामागे, वरच्या फळीवर, साबणाच्या रिकाम्या खोक्यांच्या आड, सॉकेटमध्ये टायमर. आईनं बसवलेला. पाचवर लावलेला. बाबा म्हणाले, त्यात एक सेल असतो, वीज गेली तरी तो वेळ धरून ठेवतो. तो आता संपला असणार, म्हणून वीज गेली त्या मंगळवारपासून अर्धा तास मागे.

दोन वर्षं रोज पाणी तापत होतं. दोघांनाही वाटत होतं, दुसरं माणूस आपल्यासाठी आधी उठतं.

बाबांनी हात वर नेला आणि खाली घेतला. "राहू दे," म्हणाले. सेल आणायला गेले. अजून आले नाहीत.

काकू संध्याकाळी परत आल्या. लाडूंचा डबा दिला. त्यांना काही बोलले नाही. आधी एक गोष्ट बघायची होती आणि बघायची भीती वाटत होती: आमच्या नावाखालचा जो मी कधी उघडला नाही, तो तीन महिन्यांचा काकूंचा ग्राफ आहे.

१७ जाने., शनिवार

ऑफिसातून परवानगी घेऊन लवकर आले. टेबलाशी बसून दिवाळीपासूनचा एकेक दिवस उघडला.

पा.:
पाचला काही नाही. एकाही दिवशी नाही.
दिवसभर अगदी थोडं. फ्रिज, संध्याकाळी टीव्ही. दहानंतर फक्त फ्रिज.
रात्री दोन ते तीन: दोन खांब, शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे. दिवसातले सगळ्यात उंच. रोज.
वणीच्या दिवसांत काहीच नाही. सरळ रेघ.

वा. आज लिहीत नाही.

१८ जाने., रविवार

काकूंकडे गेले. चिठ्ठ्यांचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

"मग तीन महिने तू मला जिवंत कशावरून धरलंस?"

"आईच्या टायमरवरून."

हसणं थांबलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, नर्स ठेवतात तसा, सपाट.

"माझा गिझर तर दिवाळीपासूनच बंद पडलाय. गॅसवर पाणी तापवते. तुला लय काळजी लागते म्हणून नाय सांगितलं."

मग मी दोन ते तीनचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी दहाला झोपते. पाचला उठते. मधे पाणी प्यायलाही नाही." सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि मला बोलावलं.

खुर्चीच्या पाठीवर पांढरी सुती साडी, इस्त्री केलेली. ड्यूटीची. अशा चार त्यांनी ठेवून दिल्यात, निवृत्त झाल्यावरही.

"सकाळी उठले की एक इथे असते. रोज. संध्याकाळी मी उलगडून धुवायला टाकते, सकाळी दुसरी."

"कोण करतं?"

"मी केलेली मला तरी आठवत नाही."

"कधीपासून?"

"तुझे काका गेले, त्यानंतर कधीतरी."

"काकू, भीती नाही वाटत?"

"काय भीती? चांगली करते. काठ ओढून, घडी माझ्यासारखीच. नव्या पोरींना नाय जमत अशी."

टेबलावर इस्त्रीसाठी जुनी रजई. तिच्यावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. तो नवा की जुना, मला ठरवता आलं नाही. बोट लावलं तर कापड तिथे कडक होतं.

जाताना दारात त्यांनी माझं मनगट धरलं. विलासदादा, म्हणजे वणीच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात असतो. तो गेले वर्षभर त्यांना तिकडे एका वृद्धाश्रमात न्यायचं म्हणतोय. "त्याला यातलं काही सांगू नको. तो निमित्त शोधतोय. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांपाशी उभी राहिले, मला नंबर पडलेल्या खाटेवर झोपायचं नाही."

मी हो म्हटलं. हो म्हटलं हे पा.

२० जाने., मंगळवार

वीज कार्यालयात गेले. चिठ्ठ्या तरी बदलून मिळाव्यात. खिडकीतल्या बाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, हे चांगलं.

"सहा नंबरच्या ग्राहकाची सही हवी."

"ते वारलेत. बिल अजून त्यांच्याच नावावर येतं. त्यांच्या मिसेसची सही आहे खाली."

"त्या ग्राहक नाहीत."

"मग?"

"आधी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र. मग नव्या नावानं हा अर्ज." मग जरा खालच्या आवाजात, "मीटर उघडलंत का तुम्ही? सीलला हात लावणं गुन्हा आहे."

"नाही हो. फक्त दिवा बघितला."

"बघितलेलं चालत नाही. आमचा माणूस येऊन बघेल ते धरतात."

बाहेर पायरीवर बसून पाणी प्यायले. काका जाऊन सहा वर्षं झाली तरी ग्राहक आहेत. काकू तीन महिने आमच्या नावाखाली राहिल्या. आई रोज पहाटे काकूंच्या नावाखाली उठत होती. कागदावर सगळे आहेत, फक्त एकही आपल्या घरी नाही.

२१ जाने., बुधवार

विलासदादाचा फोन. मी वणीला फोन केला होता ते त्याच्या आईनं त्याला सांगितलं असणार.

"रविवारी येतोय. इथे पुण्यात एक चांगलं ठिकाण बघून ठेवलंय, डॉक्टर रोज येतो. पण मावशी ऐकायची नाही, आणि मला तिला ओढून न्यायचं नाही. तू समोर राहतेस. एकटी राहू शकते असं तू सांगितलंस तर मी विषय काढणार नाही. तू रोज लक्ष ठेवतेस ना?"

"रोज ठेवते."

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. खोटं एक शब्द बोलले नव्हते.

बाबा: "सांगून टाक. झोपेत इस्त्री चालू ठेवतात त्या. उद्या रजई पेटली तर?"

"आणि सांगितलं तर?"

"तर हे घर सुटेल त्यांचं."

"मग?"

"मग काय. मला विचारू नको. मी दोन वर्षं गिझर कोण लावतं ते विचारलं नाही."

२२ जाने., गुरुवार

मार्ग सुचला. सकाळी कामावर जाण्याआधी काकूंकडे इस्त्री मागितली. काय ते त्यांना कळलं. वायर स्वतः गुंडाळून दिली.

"ने. जपून वापर, जुनी आहे."

माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. संध्याकाळी बाबांना घेऊन पुन्हा गेले. तेवढी वीज खाणारं दुसरं काय काय आहे ते बाबांनी हिंडून बघितलं, मी लिहिलं. फ्रिज. टीव्ही. मिक्सर. दोन पंखे. पाच दिवे. गिझर, जळालेला, वायर काढून ठेवलेली. शेगडी गॅसची. बाबा म्हणाले, यातलं काहीच तेवढा उंच खांब देणार नाही. इस्त्री गेली म्हणजे खांब गेला.

विलासदादाला रविवारी "राहू शकतात" म्हणता येईल. स्वच्छ मनानं म्हणता येईल.

२३ जाने., शुक्रवार

ग्राफ गुरुवारचा. त्या पहाटे इस्त्री अजून त्यांच्याकडेच होती. दोन खांब. असणारच. उद्याचा खरा.

संध्याकाळी काकू स्वतःहून आमच्या दारात. असं त्या करत नाहीत.

"आज साडी नव्हती."

"छान झालं ना काकू."

"हो." मग म्हणाल्या, "खुर्ची रिकामी बघून बरं नाय वाटलं. कोणी रजा न सांगता घेतली की वॉर्डात असं वाटायचं."

२४ जाने., शनिवार

अकरा. अकरा दहा. अकरा वीस. अकरा पंचवीसला आला.

शुक्रवार. दोन ते तीन. दोन खांब, सारख्या उंचीचे.

ऑफिसात पोटात दुखतंय सांगितलं (दुखत होतं) आणि रिक्षानं घरी आले. पर्समधून किल्ली. कुलूप. स्वेटर. इस्त्री तिथेच. वायर काकूंनी गुंडाळली तशीच, टोक आत खोचलेलं. पालथी करून तळाला हात लावला. गार. का लावला माहीत नाही, ग्राफ कालचा होता.

बाबा दुपारी आल्यावर परत खाली गेले. आमचा मेन बंद केला, काकूंना त्यांचा बंद करायला सांगितलं, दोन्ही दिवे तपासले. चिठ्ठ्या उलट्या आहेत, बाकी काही चूक नाही. तो ग्राफ काकूंच्या घराचाच आहे. बाबा वर येऊन हात धूत राहिले, खूप वेळ.

"एखादं काही राहिलं असेल बघायचं."

"काय?"

"तेच म्हणतोय. काय."

काकूंना सांगणं भाग होतं. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकून दोन-तीन शेंगा आणखी सोलल्या.

"आज सकाळीही साडी नव्हती," म्हणाल्या. आणि मग, "म्हणजे आली होती तर."

"काकू, कोण?"

"ते तू बघ. मला झोप लागते, मी काय सांगू? आज इथेच झोपायला ये. उद्या विलासनं विचारलं की पाहिलेलं सांग. मी अडवणार नाही. फक्त मला मधे उठवू नको. अर्धवट उठले की दिवसभर डोकं धरतं."

"तुम्ही उठलात तर?"

"मग बघ की मी काय करते. मलाही कळेल."

हे म्हणून त्या उठायला गेल्या. शेंगांची टरफलं खाली सांडली. आम्ही दोघींनी मिळून गोळा केली.

बाबा म्हणाले, मी येऊ का सोबतीला, हॉलमध्ये बसतो. काकू म्हणाल्या, "नको हो. बायकांचा वॉर्ड आहे." बाबा हसले, कारण काकूंनी ते हसवायला म्हटलं होतं. मला तसं वाटलं.

विलासदादा उद्या बारापर्यंत पोचणार. आजच्या पहाटेचा ग्राफही उद्या अकराला येईल, पण मी तिथे झोपले असेन ती रात्र परवा येणाऱ्या ग्राफात दिसणार. त्याला उत्तर उद्या द्यायचंय. म्हणजे यावेळी मीटर नाही, मीच.

पावणेनऊ. काकूंनी दोन गाद्या घातल्यात, मधे हातभर जागा सोडून. चार साड्या धुऊन, वाळवून, चुरगळलेल्या तशाच खुर्चीवर ठेवल्यात.

उशी घेतली. शाल घेतली. कपाट उघडं आहे. इस्त्री बरोबर न्यायची की इथेच राहू द्यायची, ते ठरत नाहीये.